खुर्चीसाठी उभी

"यंदा अध्यक्ष मी होणार! लिहून ठेवा!"

ठिणगीनं हे वाक्य मेसमध्ये, हातातला चमचा उंच धरून, इतक्या ठसक्यात टाकलं की शेजारच्या टेबलावरच्या पहिल्या वर्षाच्या मुलीनं खरंच पेन काढलं.

ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पहिल्या वर्षी वेल्डिंगच्या पहिल्याच तासाला तिला लोखंडाच्या दोन पट्ट्या एकमेकींना जोडायच्या होत्या. तिनं त्यातली एक टेबलालाच जोडून टाकली! ती पट्टी अजून तिथेच आहे. कार्यशाळेच्या सरांच्या बाहीला तेव्हा पडलेलं भोकही आहे, आणि सर ते नव्या मुलांना मोठ्या कौतुकानं दाखवतात. त्या दिवसापासून फाटकावरच्या वॉचमनकाकांपासून सगळे तिला ठिणगीच म्हणतात.

तर अध्यक्षपद होतं 'महिला अभियंता मंडळा'चं. नाव किती भारदस्त! काम मात्र एकच, खुर्च्या मांडणं. कॉलेजात कुणी पाहुणे यायचे ठरले की प्राचार्य म्हणायचे, "मंडळाला सांगा." मग मंडळाच्या मुली खुर्च्या मांडायच्या, पुष्पगुच्छ द्यायच्या, दात दिसतील एवढं हसायच्या आणि पाहुणे गेले की खुर्च्या उचलायच्या. रोबोवाल्यांचं मंडळ रोबो करायचं, गाडीवाल्यांचं मंडळ गाडी करायचं, आणि या दोघांच्या उद्घाटनाला महिला अभियंता मंडळ खुर्च्या मांडायचं.

ठिणगीच्या डोक्यात हे कधीपासून सलत होतं, पण खरी कळ उठली ती गेल्या वर्षी. चौघांनी मिळून पाणी उपसायचा पंप करायचा होता. पंपाच्या दांड्याचं डिझाइन ठिणगीचं. तो दांडा लेथच्या यंत्रावर कातायची वेळ आली, तेव्हा गटातली तिन्ही मुलं लेथभोवती उभी राहिली आणि तिला म्हणाली, "तू रिपोर्ट लिही ना. तुझं अक्षर छान आहे!" तिनं लिहिला. परीक्षकांनी दांड्याचं कौतुक केलं, तेव्हा तिघांनी मान झुकवून आभार मानले. ठिणगीला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती तरातरा कार्यशाळेत गेली. सर म्हणाले, "तासाव्यतिरिक्त लेथ हवा असेल तर मंडळाच्या अध्यक्षाची सही लागते. रोबोवाले आणतात, गाडीवाले आणतात. तुमच्या मंडळानं कधी आणलीच नाही." बस्स! ठिणगीला अध्यक्ष व्हायचं होतं ते त्या एका सहीसाठी. दर शनिवारी कार्यशाळा मुलींच्या ताब्यात, आणि लेथच्या चाकावर मुलींचे हात.

तिच्या विरोधात उभी होती निवेदिका. कॉलेजचा एकही कार्यक्रम तिच्या आवाजाशिवाय सुरू होत नसे. ती नुसतं "मेसमध्ये आज पाणी नाही" म्हणाली तरी टाळ्या पडायच्या. तिची निवड नक्की आहे असं सगळे धरून चालले होते. ठिणगीची प्रचारप्रमुख होती तिची खोलीतली मैत्रीण, टोपणनाव भोंगा. भोंग्याला हळू बोलता येत नाही. ती कानात काही सांगू लागली की खालच्या मजल्यावरून उत्तर येतं.

भोंग्यानं कॉलेजभर पाट्या लावल्या. 'खुर्च्या मांडणं बंद! लेथ चालवणं सुरू!'

आता यातली गोम अशी, की ठिणगीच्या वडिलांचा धंदाच मुळी खुर्च्या भाड्यानं द्यायचा. सभा असो, वाढदिवस असो, लग्न असो, गावात कुणीही बसलेलं असलं की ते बाबांच्या खुर्चीवर. दुकानावर पाटी होती, 'आम्ही असताना उभं का?' ठिणगीनं लहानपणी सगळा अभ्यास गोदामात, खुर्च्यांच्या थप्पीवर चढून केलेला. खुर्ची मांडायला अभियंता लागत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि बाबा होते अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. ते कशाला येतात कॉलेजातली पाटी वाचायला!

अर्ज भरून प्रचार रंगल्यावर, गुरुवारी, तिनं मोठ्या अभिमानानं घरी फोन लावला. नेमकं तेव्हाच घराखालच्या दुकानासमोर टेम्पोत खुर्च्या चढत होत्या. खुर्चीवर खुर्ची आदळत होती, धाकटे काका विनाकारण हॉर्न वाजवत होते आणि रेंज ये-जा करत होती.

"आई, ऐक ना! मी मंडळाच्या अध्य..." खडाड! "...खुर्चीसाठी उभी आहे!"

"काय? मोठ्यानं बोल!"

"खुर्चीसाठी! उभी! आहे!"

"उभी? कधीपासून?"

"सोमवारपासून!"

"अगं बाई! पाय दुखत असतील की गं!"

"दुखणारच! दिवसभर या मजल्यावरून त्या मजल्यावर. पण मजा येतेय, आई!"

"मजा? आणि तू एकटीच उभी?"

"छे! आणखी एक आहे. आम्ही दोघीच. बाकीच्या सगळ्या गंमत बघतायत."

"मग कॉलेजात खुर्च्या आहेत तरी किती?"

"एकच असते गं! दोघींतल्या एकीलाच मिळणार."

आई मटकन बसली. म्हणजे तिला बसायला खुर्ची होती. त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

"आणि तुमच्या बाई काही बोलत नाहीत?"

"बाईंनीच तर नियम केलेत! शुक्रवारी सगळ्यांसमोर ठरेल, खुर्ची कुणाला ते."

"तोपर्यंत उभीच?"

"तोपर्यंत उभीच! मागे हटायचं नाही! बाबांना सांग हं. अभिमान वाटेल त्यांना."

आई "अभिमान कसला?" म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. हातातली खुर्ची खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. त्यांचा चेहरा पाहून काकांनी हॉर्न वाजवणं थांबवलं.

"सगळ्या गावाला बसवलं मी," बाबा म्हणाले. "आमदार बसवले, वऱ्हाडी बसवले, भांडायला आलेली माणसं बसवली. गोदामात थप्प्यांवर थप्प्या पडल्यात. आणि माझी पोरगी सोमवारपासून उभी?"

"दादा, फोन करून विचारू या का नीट?" काका म्हणाले.

"विचारायचं काय त्यात? फी घेताना बरं विचारत नाहीत, उभ्याची देता की बसायची! काढ टेम्पो!"

"उद्या त्याच बाजूला एक ऑर्डर पोचवायचीय..."

"आधी पोरगी! मग ऑर्डर!"

चांगल्यातल्या चांगल्या खुर्च्या निवडल्या. बाईंसाठी लाल मखमलीची, नवरदेवाला देतात ती. आणि कॉलेजला जरा लाज वाटावी म्हणून बाबांनी प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर स्वतःच्या हातानं एकेक चिठ्ठी चिकटवली. 'सप्रेम भेट. उभ्या असलेल्या मुलीच्या वडिलांकडून.'

शुक्रवारी टेम्पो कॉलेजच्या फाटकाशी आला, तेव्हा वॉचमनकाकांनी हात आडवा घातला.

"एवढ्या खुर्च्या कुठे?"

"इथे मुली उभ्या आहेत ना?" बाबांनी विचारलं.

"आहेत की! दोघी. वर ड्रॉइंग हॉलमध्ये."

"अजून उभ्या?"

"अजून म्हणजे? आज तर शेवटचा दिवस. संध्याकाळपर्यंत दोघींतली एक पडणार!"

बाबांनी टेम्पोतून उडी टाकली. "पडणार? आणि तुम्ही नुसते बघताय?"

"मी काय करणार? पण मला विचाराल तर ठिणगी काही पडत नाही. दम आहे पोरीत!"

ठिणगी हे नाव बाबांना फोनवरून ठाऊक होतं. ते पुढचं काही ऐकायला थांबलेच नाहीत. त्यांनी दोन हातांत चार आणि डोक्यावर एक अशा खुर्च्या घेतल्या आणि जिना चढायला लागले.

आता ड्रॉइंग हॉल म्हणजे काय, ते सांगायला हवं. तिथे उंच टेबलं असतात आणि मुलं उभ्या उभ्याच रेघा मारतात. बसायची सोय नसतेच. मंडळाची सभा तिथे भरली होती, म्हणजे हॉलभर मुली उभ्या. निवडणूक अधिकारी होत्या ड्रॉइंगच्या बाई. त्याही उभ्या. रेघ केसाएवढी जाड झाली तरी पूर्ण शीट परत करणाऱ्या या बाई. त्यांनी निवडणुकीची आचारसंहिताही तशीच बारीक आखली होती. मतदारांना खाऊ, भेट, वस्तू, काहीही दिलं की उमेदवारी रद्द.

निवेदिकेचं भाषण झालं होतं, टाळ्या झाल्या होत्या, आणि आता ठिणगी बोलत होती. आवाज रेशमी नव्हता, पण चढत होता. मुली ऐकत होत्या. ठिणगीला ते जाणवलं आणि तिला आणखी चेव आला.

"मैत्रिणींनो! इतक्या वर्षांत या मंडळाच्या वाट्याला काय आलं? सांगा, काय आलं?"

धाडकन दार उघडलं.

"खुर्च्या!" दारातून आवाज आला. "खुर्च्या आल्या! चला, बाजूला व्हा!"

दारात बाबा उभे होते. समोर हॉलभर उभ्या मुली! आई दोघी म्हणाली होती, इथे तर कॉलेजच्या कॉलेज उभं! बाबांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी डोक्यावरची खुर्ची उतरवली आणि धंद्यातल्या माणसाच्या चपळाईनं मांडायला सुरुवात केली. मागून काकांनी थप्प्याच्या थप्प्या आणल्या. ठिणगीला वाक्य आठवेपर्यंत हॉलमध्ये रांगा लागल्यासुद्धा. "ऑर्डर टाकून येतो, दादा!" म्हणून काका टेम्पो घेऊन निघूनही गेले.

खुर्ची समोर आली की माणूस बसतो, त्याला इलाज नाही. एक बसली, दोघी बसल्या, सगळ्या बसल्या. निवेदिका बसली. बाबांनी मखमलीची खुर्ची पुढे केली तेव्हा बाईही बसल्या, आणि इतकी वर्षं उभ्यानं काढलेल्या त्यांच्या पायांनी सुटकेचा असा काही निःश्वास टाकला की तो त्यांच्या तोंडून बाहेर आला.

उभी राहिली एकटी ठिणगी.

"बाबा?" तिच्या तोंडून कसंबसं निघालं. "तुम्ही इथे?"

"आधी बस! मग बोल!" बाबांनी तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. "आठवडाभर उभी आहेस बाळा, किती सोसायचं! बस!"

"बाबा, अहो, मी भाषण..."

"बस म्हणतो ना! मी आलोय आता!"

हा प्रकार एकदाचा संपावा म्हणून ठिणगी टेकली.

"बसली!" निवेदिकेच्या गोटातून कुणीतरी ओरडलं. "उमेदवार बसली!"

"वडिलांनीच बसवली!"

आणि मग जो काही हलकल्लोळ! निवडणुकीत उभं राहणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि बसणं म्हणजे काय तेही. बसलेल्या उमेदवाराला मत देता येत नाही. ठिणगी चटका बसल्यासारखी ताडकन उठली.

"मी बसले नाही! म्हणजे बसले, पण बसले नाही!"

"शांतता!" बाईंनी आवाज चढवला. "अर्ज मागे घ्यायचा तर तो लेखी घ्यावा लागतो. नुसतं बूड टेकल्यानं अर्ज मागे जात नाही. भाषण पुढे..." आणि त्या थांबल्या. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर त्यांची नजर गेली होती. त्यांनी चष्मा नीट केला आणि वाचलं, "सप्रेम भेट. उभ्या असलेल्या मुलीच्या वडिलांकडून."

सगळ्या जणी आपापल्या समोरच्या खुर्चीची पाठ वाचू लागल्या.

"भेट," बाई सावकाश म्हणाल्या. "मतदारांना. उमेदवाराच्या वडिलांकडून. मतदानाच्या दिवशी!"

"उमेदवार?" बाबांनी ठिणगीकडे पाहिलं. "म्हणजे तू खुर्चीसाठी उभी... म्हणजे ती खुर्ची?"

"ती खुर्ची, बाबा."

"निवडणुकीची?"

"निवडणुकीची."

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि नेमकी त्यांना भिंतीवरची पाटी दिसली. 'खुर्च्या मांडणं बंद!' त्यांनी ती सावकाश, ओठ हलवत वाचली. मग हातातली शेवटची खुर्ची त्यांनी आवाज न करता भिंतीला टेकवून ठेवली. बाबा खुर्ची आवाज न करता ठेवताना ठिणगीनं जन्मात पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात भोंगा तिच्या कानाशी लागली. "सांग, मी यांना ओळखत नाही! ओळखच नाही तर भेट तुझी कशी? नियम मोडलाच नाही!"

हे अर्थातच शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. बाबांनाही. ते चटकन सरसावून पुढे आले.

"बरोबर आहे, बाई! मी या मुलीला ओळखत नाही!"

"ओळखत नाही?"

"आयुष्यात पाहिली नाही!"

"मग 'बस बाळा' म्हणालात ते?"

"ते मी सगळ्यांनाच म्हणतो. धंद्याची सवय! तुम्हीही नीट टेकून बसा ना, बाळा."

बाईंना बाळ म्हणणारं माणूस गेल्या कित्येक वर्षांत कॉलेजात जन्मलं नव्हतं. त्या क्षणभर गडबडल्या, पण लगेच सावरल्या.

"आणि ही चिठ्ठी? उभ्या असलेल्या मुलीच्या वडिलांकडून?"

"ती... ती दुसऱ्या मुलीच्या वडिलांकडून."

सगळ्यांच्या माना निवेदिकेकडे वळल्या.

"माझे बाबा बँकेत आहेत!" निवेदिका किंचाळली. तिचा आवाज बेसूर झालेला कॉलेजनं पहिल्यांदाच ऐकला.

"मुली," बाई ठिणगीकडे वळल्या, "तू सांग. हे तुझे कोण?"

ठिणगीला सगळं लख्ख दिसत होतं. कोणी नाहीत म्हटलं की सुटली! सही मिळेल, शनिवार मिळेल, लेथ मिळेल. बाबा स्वतःच तिला मानेनं खुणावत होते, म्हण, नाही म्हण! शर्ट घामानं भिजलेला, डोक्यावर खुर्चीच्या पायाचा वळ. अर्ध्या दिवसाची वाट तुडवून हा माणूस कशासाठी आला होता? लेकीचे पाय दुखतील म्हणून. आणि तिनं म्हणायचं, कोणी नाहीत? तिला भरून आलं, आणि त्याच्याही वर अभिमान दाटून आला.

"माझे बाबा आहेत," ती म्हणाली.

भोंग्यानं कपाळाला हात लावला. बाबांनीही.

"खुर्च्या भाड्यानं देतात," ठिणगी पुढे म्हणाली. "बाई, तुम्ही आम्हाला सरळ रेघ शिकवता. जरा या रांगा बघा! दोन मिनिटांत लावल्यात, पट्टी न धरता. बाबा, पाटीवर लिहिलंय ते तुमच्यासाठी नाही. तुम्ही खुर्च्या मांडता ते तुमचं काम आहे, ते तुम्ही झोकात करता. आम्ही मांडतो ते आमचं काम बाजूला ठेवून. मला माझं काम करायचंय! पंपाचा दांडा माझा होता आणि मला सांगितलं, तू रिपोर्ट लिही, तुझं अक्षर छान आहे. आहेच छान! पण मी अक्षर काढायला इथे आलेले नाही. मला लेथ चालवायचाय. उमेदवारी रद्द करायची तर करा, बाई. बाबा रद्द होणार नाहीत."

टाळ्या पडल्या नाहीत. मागच्या रांगेत कुणीतरी नाक शिंकरलं. बाबा भिंतीवरच्या पाटीकडेच बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघितलं असतं तर पंचाईत होती.

बाई उठल्या. उठल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की इतका वेळ त्या भेटीच्या खुर्चीत बसूनच भेटीची चौकशी करत होत्या. त्या चांगल्याच लाल झाल्या.

"नियम म्हणजे नियम," त्या म्हणाल्या. "पण भेट ठेवून घेतली तर ती भेट. परत केली तर भेट झालीच नाही. मतदान सुरू व्हायच्या आत सगळ्या खुर्च्या फाटकाबाहेर गेल्या पाहिजेत. एक जरी आत राहिली तरी उमेदवारी रद्द!"

"आत्ता नेतो!" बाबा म्हणाले. आणि मग त्यांना आठवलं, की टेम्पो काकांकडे आहे आणि काकाही काकांकडेच आहेत.

ठिणगीनं बाह्या सरसावल्या. थप्पी कशी उचलायची ते तिला चालायला लागल्यापासून येत होतं. दोघं बापलेक जिना उतरले, वर आले, पुन्हा उतरले. वेळ भराभर जात होता आणि हॉल काही रिकामा होईना. मग भोंगा उठली. मग पहिल्या वर्षाची ती पेनवाली. मग एकेक करत सगळ्या जिन्यावर उभ्या राहिल्या आणि खुर्च्या हातोहात खाली जाऊ लागल्या. 'खुर्च्या मांडणं बंद' म्हणून मतं मागणारीच्या सभेत अख्खं मंडळ खुर्च्या वाहत होतं!

पण हात चालले की तोंडं चालतात.

"मला म्हणाले होते, तू फक्त स्लाइड्स कर!" वरच्या पायरीवरून एक म्हणाली.

"मला म्हणाले, मशीनजवळ नको जाऊस, केस अडकतील! माझे केस बघा, कानाच्या वर आहेत!"

"आणि मला सांगितलं, तू नुसती उभी राहा, फोटोत छान दिसतं!"

निवेदिका थोडा वेळ वरच थांबली होती. मग तीही आली आणि मखमलीची खुर्ची तिनं स्वतः उचलली. "मला फुकटात जिंकायचं नाही," ती ठिणगीला म्हणाली, "आणि मी इलेक्ट्रॉनिक्सची आहे हे कुणाच्या लक्षात तरी आहे का? माझ्या हातात सोल्डरिंग गन कुणी पाहिलीय? नुसता माइक, माइक!"

शेवटी बाई मोजायला आल्या, तर फाटकाशी एक खुर्ची घोटाळ्यात सापडली. तिच्यावर वॉचमनकाका बसले होते आणि तिचे पुढचे पाय बाहेर, मागचे आत. बाई वाकल्या, फाटकाची रेघ पाहिली, पाय पाहिले.

"मागचे दोन आत!"

वॉचमनकाका खुर्चीसकट पुढे ढकलले गेले, आणि मतदान सुरू झालं.

निकाल निवेदिकेनंच जाहीर केला, कारण तिच्याशिवाय कुणाचा आवाज जिन्यापर्यंत पोचत नव्हता. म्हणजे भोंग्याचा पोचला असता, पण तो ऐकायला कुणी तयार नव्हतं. "अत्यंत हर्षानं जाहीर करते," तिनं सवयीनं सुरुवात केली, आणि स्वतःचा पराभव इतक्या सुंदर आवाजात सांगितला की सगळ्यात आधी तिलाच टाळ्या पडल्या. मग ज्या पडल्या त्या ठिणगीला. कार्यशाळेचे सर अर्ज घेऊन समोर आले. ठिणगीनं त्यावर सही केली. अक्षर खरोखरच छान होतं.

"शनिवारपासून या सगळ्या जणी," सर म्हणाले. "फक्त वेल्डिंगच्या वेळी मला आधी बाहेर जाऊ दे."

फाटकाबाहेर रस्त्याकडेला बाबांनी सवयीनं खुर्च्या रांगेत लावल्या होत्या आणि मधोमध स्वतः उभे होते. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत होते, "बसा! पोरगी निवडून आली माझी! अभियंत्यांची अध्यक्ष!" एक सायकलवाला खरंच बसला. ठिणगी आली तेव्हा बाबांनी तिला जवळ घेतलं.

"बाबा, सोमवारपासून आजपर्यंत खरंच कुणी उभं राहील का हो?" ती हसत म्हणाली.

"दुसरं कुणी नाही राहणार," बाबा म्हणाले. "तू राहशील."

मग त्यांनी घरी फोन लावला. इतक्या आनंदाची बातमी आपणच द्यायची म्हणून फोन स्पीकरवर टाकला आणि ओरडले, "अगं, पोरगी निवडून आली!"

"काय निवडून आली?" तिकडून आईचा आवाज. मागे कुकरची शिट्टी. "आठवडाभर उभं केलं, आता भाजी निवडायला लावली? कॉलेज आहे की खानावळ?"

"अगं, तसं नव्हे! निवडून आली!"

"किती निवडली? फी भरून भाज्या निवडतेय माझी लेक! तिथेच थांबा, मी येते!"

बाबांनी हताशपणे फोन नव्या अध्यक्षांच्या हातात दिला. अख्ख्या हॉलला पटवून आलेली ठिणगी आता प्रत्येक शब्द तोलून बोलायला लागली.

"आई, शांतपणे ऐक. सगळं छान झालंय. शनिवारपासून मला कार्य..." कुकरची दुसरी शिट्टी! "...शाळा मिळाली!"

तिकडून आईचा आवाज आला, पण तो फोनसाठी नव्हता, स्वयंपाकघरातल्या काकूसाठी होता.

"अगं, ऐकलंस का? पोरीला परत शाळेत घातलं!"

आणि नेमकी तिथेच रेंज गेली.